सगळे धावले, पण हुकूम कोणाचा?

दरड कोसळली किंवा गावात पाणी शिरलं की काही तासांत तिथे तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे पोचतात. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, एनडीआरएफ, गिर्यारोहक, शेजारच्या गावची पोरं, वाहिन्यांच्या गाड्या. एवढी माणसं असूनही काम अडतं, कारण कोणी काय करायचं आणि कोणाला विचारायचं हे ठरलेलं नसतं. ते ठरावं म्हणून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये 'घटना प्रतिसाद प्रणाली'ची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तरीही बचावकार्याविषयीचे काही समज पक्के आहेत.

गैरसमज १ : जो सर्वांत मोठा साहेब येईल, त्याचा हुकूम चालतो.

वस्तुस्थिती : हुद्दा मोठा असला म्हणून जागेवरची सूत्रं आपोआप हाती येत नाहीत. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची; २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ते जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. प्रत्यक्ष काम मात्र 'इन्सिडेंट कमांडर' चालवतो. उपविभागात ही जबाबदारी प्रांताधिकाऱ्यांकडे, तालुक्यात तहसीलदारांकडे असते. सूत्रं बदलायचीच असतील तर आतापर्यंत काय झालं, कोणती पथकं कुठे आहेत हे नव्या माणसाला समजावून, सगळ्यांना कळवून ती सोपवायची असतात. प्रत्येक जवानाला, प्रत्येक कर्मचाऱ्याला वरिष्ठ एकच असावा, हा या पद्धतीचा कणा आहे. पाहणीला आलेल्या प्रत्येकाने सूचना द्यायला सुरुवात केली की तो मोडतो.

गैरसमज २ : एनडीआरएफ किंवा लष्कर आलं की स्थानिकांचं काम संपलं.

वस्तुस्थिती : ही दलं नागरी प्रशासनाच्या मदतीला येतात. ढिगारा कसा उपसायचा हे त्यांना कळतं. पण कोणत्या घरात किती माणसं होती, कोण परगावी गेलं होतं, वाट कुठून आहे, हे तलाठी, पोलीस पाटील आणि गावकरीच सांगू शकतात. शिवाय बाहेरचं दल पोचायला वेळ लागतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, तेव्हा ते पहिल्यांदा लक्षात आलं एका एसटी चालकाच्या. पहिले तास जवळच्यांचेच असतात.

गैरसमज ३ : हात जितके जास्त, तितकं काम लवकर.

वस्तुस्थिती : एका प्रमुखाला ३ ते ७ माणसं नीट सांभाळता येतात, ५ हा उत्तम आकडा मानतात. त्याहून जास्त झाली तर तुकडी फोडून नवा प्रमुख नेमायचा. येणाऱ्या पथकांनी आणि वाहनांनी थेट घटनास्थळी न घुसता 'स्टेजिंग एरिया'त थांबायचं, नोंद करायची आणि बोलावल्यावर पुढे जायचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि अनेकांचा जीव गेला. तिच्यात क्षमतेहून जास्त माणसं होती. बोटीत किती जण चढणार हे काठावर कोणीतरी अधिकाराने ठरवणं, हेही बचावकार्यच आहे.

गैरसमज ४ : खरं काम बचाव पथकाचं, बाकी कारकुनी.

वस्तुस्थिती : या पद्धतीत कमांडरच्या हाताखाली तीन विभाग असतात. ऑपरेशन्स प्रत्यक्ष काम करतो, प्लॅनिंग माहिती गोळा करून पुढची आखणी करतो आणि लॉजिस्टिक्स जेवण, इंधन, तंबू, यंत्रं, पैसा पुरवतो. जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तिथे गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रं वर नेता येईनात. जवानांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. तिथे पाणी, अन्न आणि अवजारं डोंगरावर चढवणं हीच मोठी मोहीम होती. ती चढण चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. कमांडरसोबत स्वतंत्र सुरक्षा अधिकारी का लागतो, याचं उत्तर यात आहे. धोका वाटल्यास काम थांबवण्याचा अधिकार त्याला असतो. संपर्क अधिकारी आणि माहिती अधिकारीही असेच स्वतंत्र असतात. मृतांचा आकडा पाच तोंडांतून पाच निघू नये, हे माहिती अधिकाऱ्याने पाहायचं.

गैरसमज ५ : ही अमेरिकेतून आणलेली कागदी शिस्त आहे.

वस्तुस्थिती : मूळ अमेरिकेतलं आहे, पण ते कागदावर जन्मलेलं नाही. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत १३ दिवसांत १६ माणसं दगावली आणि सुमारे ७०० इमारती जळाल्या. अनेक यंत्रणांची दलं तिथे लढत होती. पण त्यांचे रेडिओ जुळत नव्हते, एकाच गोष्टीला प्रत्येकाचं नाव वेगळं होतं आणि एकत्रित आखणी नव्हती. त्या अनुभवातून ही पद्धत उभी राहिली. भारताने ती आपल्या महसुली उतरंडीत बसवली. अमेरिकेत वित्त हा वेगळा विभाग आहे, आपल्याकडे तो लॉजिस्टिक्समध्ये येतो.

गावपातळीवर याचा अर्थ सोपा आहे. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत विचारा : इशारा कोण देणार, बोटीची किल्ली कोणाकडे, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी कोणी केली? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. 'प्रशासन बघेल' हे उत्तर नव्हे. आणि मदतीला जायचं असेल, तर आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा, गरज कशाची आहे ते विचारा आणि सांगितलेल्या ठिकाणी नाव नोंदवूनच पुढे जा.