पूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस

ऑगस्ट २०१९चा पूर आपल्या भागाला आठवतो तो फोटोंमधून. यमगर्णीजवळ महामार्गावर आलेलं वेदगंगेचं पाणी, ट्रकांच्या रांगा, होड्या. स्वयंसेवकांनी केलेल्या वैद्यकीय मदतीचे फोटो फारसे सापडत नाहीत. तिचं बरंचसं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं, आणि तोवर कॅमेरेवाले परत गेलेले असतात.

आधी रस्त्याचं बघू. निपाणीकडचा पेशंट सवयीने कोल्हापूर गाठतो. यमगर्णीला पाणी चढलं की ती वाट बंद. मग उरतं बेळगाव, जवळपास दुप्पट लांब. मधल्या काळात गावातल्या शाळेत जी छावणी असेल तोच दवाखाना.

तिथे जखमींची रीघ लागते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जास्त येतात ती बीपी-शुगरच्या गोळ्या घरातच राहिलेली वयस्क माणसं. चिठ्ठी भिजलेली, गोळीचं नाव ठाऊक नाही, "पांढरी, बारीक असते बघा" एवढीच खूण. इन्सुलिनवाल्याला तर थांबून चालतच नाही. इथे शल्यविशारदापेक्षा धीराने विचारत बसणारा डॉक्टर आणि औषधं ओळखणारा फार्मासिस्ट जास्त उपयोगी.

पाणी उतरलं की लोक गाळ उपसायला घरी जातात, आणि दुसरा धोका तिथे असतो. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. ऊस-तंबाखूच्या रानात राबणाऱ्यांच्या पायांना भेगा असायच्याच. ताप येतो तो साधारण ५ ते १४ दिवसांनी. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. तोवर छावणी उठलेली असते. म्हणून चिखलात उतरणाऱ्या मोठ्या माणसांना डॉक्टर आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ते चालत नाही, त्यामुळे गोळ्यांची पाकिटं सरसकट वाटत सुटणं ही मदत नव्हे.

आता माझ्या आवडीचा विषय, विहीर. पुराचं पाणी शिरलेली विहीर दिसली की उत्साही कार्यकर्ते ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी ओततात. हिशेब करून बघा. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर धरली तर लागते ७० ग्रॅम! गढूळ पाण्याला यापेक्षा जास्त लागेल, पण पिशवीभर नाही. पावडर बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं, ढवळायचं आणि तासभर कुणाला पाणी काढू द्यायचं नाही. मग क्लोरीन तपासायचा. कमी भरला तर पुन्हा थोडी पावडर. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, तेव्हा ती वापरायची नाही. जास्त टाकली तर पाण्याला वास मारतो, लोक ते पीत नाहीत आणि थेट ओढ्यावर जातात, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

ही युक्ती जुनी आहे. १८९७ मध्ये इंग्लंडातल्या मेडस्टन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा गावाचे नळ ब्लीचिंग पावडरने धुऊन काढले होते. त्याच वर्षी आपल्याकडे पुण्यात प्लेग चालू होता.

जुलै २०२१ मध्ये महामार्ग परत पाण्याखाली गेला, आणि या वेळी वर कोरोना. कोणत्या गावात कुठल्या गोळ्या किती संपल्या, ताप कितव्या दिवशी सुरू झाले, याची उत्तरं २०१९च्या छावण्यांमधल्या वह्यांत होती. त्या शंभरपानी वह्या सरकारी दप्तरात जात नाहीत. कुणाच्या माळ्यावर असतात, नाहीतर रद्दीत. आपण ताम्रपट शोधत हिंडतो, हरकत नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्या पुरात औषधं वाटली असतील तर वही मंडळाकडे आणून द्या. पेशंटांची नावं झाकून नक्कल काढू आणि मूळ वही परत देऊ. ओली होऊन पानं चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, तशीच आणा.