पोट दिसण्याआधी

पहिलटकरणीला दिवस गेल्याची बातमी घरात चारचौघांत बोलली जाते ती तिसरा महिना सरल्यावर. तोवर ती सासूला ठाऊक, जावेला ठाऊक आणि फोनवरून माहेरच्या आईला. तिसऱ्या महिन्यातल्या ओटीला आपल्याकडे नावच 'चोरओटी'. लपवण्यामागे माया असते आणि भीतीही. ती भीती निराधार म्हणता येणार नाही. कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांतली दहा ते वीस टिकत नाहीत आणि त्यांतली बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच संपतात. मग आधी गाजावाजा कशाला, असे जुन्या बायका म्हणत आल्या.

शरीर मात्र कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. पाळी चुकल्यावर आठवडा-दोन आठवड्यांतच छाती जड होते, हात लावला तरी दुखते. घटकाघटकाला लघवीला जावेसे वाटते. भर दुपारी डोळे मिटू लागतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते, नवव्याला ती कळस गाठते आणि बऱ्याचजणींची चौथ्या महिन्यात ओसरते. हिला 'सकाळची' मळमळ म्हणतात खरे, पण ती वेळ पाहून येत नाही. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, हे येथेच सांगून ठेवतो.

आता हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे पाहा. हा मुलूख हळदीचा आणि उसाचा. माघ-फाल्गुनात हळद निघते. खणलेले कंद निवडायचे, शिजवायचे, वाळत घालायचे, आणि या कामांत बायकांचे हात सगळ्यात पुढे. नव्या सुनेला सातवा आठवडा लागलेला असतो, शिजत्या हळदीच्या वाफेने पोटात ढवळते आणि ते का, हे बोलायची सोय नसते. बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाआडच असते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. दिसत नाही म्हणून कामातून सूट नाही. 'नवी आहे, अंग चोरते' एवढा शेरा मात्र मिळतो.

खरी अडचण याहून खोल आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट मिटावी म्हणून लागते फॉलिक ॲसिड. या गोळीने कण्यातले आणि डोक्यातले जन्मजात दोष बरेच टळतात, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या पाहणीने १९९१ साली सिद्ध केले.

या गोळीची मुळे आपल्याच महाराष्ट्रात आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गरीब गर्भवतींना, त्यांतही कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना, जिवावर बेतणारा एक पंडुरोग होत असे. त्याचा छडा तिला लावायचा होता. या बायकांचे खाणेपिणे तिने तपासले, प्रयोग केले आणि शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्काने रुग्ण बऱ्या होतात हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलेट. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासातही असेच दिसले, की ज्या गर्भवतींच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे वजनाने भरली.

एवढे असूनही गोळी हाती पडते केव्हा? आशाताईकडे नाव नोंदवल्यावर. बारा आठवड्यांच्या आत नोंदवा, असे आरोग्य खाते सांगते. पण दहाव्या आठवड्यात नोंद झाली तरी ती नळी केव्हाच मिटलेली असते. म्हणून माझ्या मते ही गोळी बातमीनंतर नव्हे, आधी सुरू व्हायला हवी, मूल हवे असे ठरल्याबरोबर. लग्नानंतर वर्षाच्या आत 'काही आहे का' असे विचारणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एखादीने 'गोळी घेतेस का' असेही विचारायला काय हरकत आहे?

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. तिचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. गर्भारपणात रक्तातला द्रव ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे रक्त पातळ होते आणि हिमोग्लोबिन थोडे उतरते. ते ११ ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग समजायचा. गोळीने शौचाला काळे होते, पोट साफ होत नाही. घाबरून ती बंद करू नये. जेवणानंतर लिंबूपाणी चालेल, चहा मात्र गोळीपासून लांब ठेवावा.

पहिल्या खेपेला बाळाची हालचाल कळते ती अठरा ते वीस आठवड्यांत. दुसऱ्या खेपेची बाई ती दोनेक आठवडे आधीच ओळखते. पहिलटकरणीला आधी वाटते की पोटात वारा धरला. पाचव्या महिन्याच्या अखेरीस गर्भाशय बेंबीपर्यंत पोचते आणि तेव्हा कुठे साऱ्या घराला पोट दिसते.

नाव लवकर नोंदवण्याचा आणखी एक फायदा तारखेचा. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात. आपल्या आज्यांचा हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा. दोन दिवसांची तर तफावत! पण त्यासाठी तो दिवस आठवायला हवा. दुसऱ्या महिन्यात विचारले तर सून झटकन सांगते, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी. सहाव्या महिन्यात विचारा, ती सासूकडे पाहते आणि सासू म्हणते, लिहा पौषातला कुठलातरी.