वसतिगृहातल्या मुलांच्या वतीनं कोण बोलतं?

भूम तालुक्यातल्या ईटमधून दरवर्षी जून-जुलैत मुलं-मुली शिकायला बाहेर पडतात. कुणी बार्शीला, कुणी धाराशिवला, कुणी लातूर, पुणे किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात. घरी पावसावरची शेती, दुभती जनावरं, फार तर खव्याची भट्टी. शहरात भाड्याची खोली परवडणारी नसते, म्हणून वसतिगृहात नंबर लागला तरच पुढचं शिक्षण, अशी गत असते. नंबर लागल्यावर तिथलं पाणी, जेवण, फी, नियम यांबद्दल कुणाला विचारायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगितले जातात ते ऐकीव समज, आणि त्यांनी आपल्या मुलांचं फार नुकसान केलं आहे.

“खोली मिळाली हेच नशीब. तक्रार केलीस तर काढून टाकतील.”

घरची माणसं हे काळजीपोटी सांगतात. पण वसतिगृह म्हणजे कुणी केलेला उपकार नव्हे. विद्यापीठाच्या वसतिगृहात मूल फी आणि डिपॉझिट भरून राहतं. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात ते योजनेचा हक्काचा लाभार्थी म्हणून राहतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. माहितीपत्रकात कबूल केलेल्या सोयी न देणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, शिष्यवृत्ती रखडवणं, हे सगळं तक्रारीचे विषय आहेत. समितीनं कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. शासकीय वसतिगृहाचा रस्ता वेगळा आहे: आधी गृहपाल, मग जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त.

तरीही भीती खोटी नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एकट्यानं रेक्टरच्या टेबलासमोर उभं राहायला धाडस लागतं. इतरांनी निवडून दिलेल्या मुलाचं ते कामच असतं. प्रतिनिधी हवा तो यासाठी.

“विद्यार्थी परिषद आहे ना, ती बघेल.”

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेची रचना दिली आहे. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, मागास प्रवर्गातला एक प्रतिनिधी, प्रत्येक वर्गाचा एक. शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक विभागाची मुलं. वसतिगृहाची म्हणून वेगळी जागा त्यात नाही. म्हणजे चार तास वर्गात बसणाऱ्यांना सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, मिळतो आणि चोवीस तास आवारात राहणाऱ्यांना कुणीच नाही. माझ्या मते ही या कायद्यातली मोठी उणीव आहे. वसतिगृहाला स्वतःचा प्रतिनिधी देता येतो, हे आपल्याच राज्यात दिसतं. मुंबईच्या आयआयटीत प्रत्येक हॉस्टेलची निवडून दिलेली कौन्सिल असते. त्यावर सगळ्या हॉस्टेलांसाठी विद्यार्थ्यांमधूनच निवडलेला हॉस्टेल अफेअर्सचा जनरल सेक्रेटरी असतो. जी सोय आयआयटीत चालते ती सरकारी विद्यापीठाच्या वसतिगृहात का चालू नये?

“निवडणुका म्हणजे मारामाऱ्या. बंद केल्या ते बरंच झालं.”

हा समज रक्तपातातून आला आहे, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा कॉलेज निवडणुकीच्या वैरातून खून झाला. पुढे थेट निवडणुका थांबल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांना परिषदेवर घ्यायची पद्धत आणली. गुण मिळवणं आणि दुसऱ्याची बाजू मांडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टॉपर मुलगा बहुधा अभ्यासात गर्क असायचा, आणि परिषद स्नेहसंमेलनापुरती उरली.

मारामाऱ्यांवर उपाय नंतर निघाला. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत, ७५ टक्के हजेरी, वयाची मर्यादा, गुन्ह्याची पार्श्वभूमी नको, छापील पोस्टर नको. २०१६ च्या कायद्यानं आपल्याकडेही निवडणुकांची वाट मोकळी केली. २०१९ मध्ये त्या होणार असं ठरलंही, पण विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या, आणि पाठोपाठ कोविड आला. १८ व्या वर्षी जो मुलगा गावात सरपंचाला मत देतो, त्याला आपल्या मेसच्या माणसाला मत देता येत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

“मेस कमिटी म्हणजे भाजी कुठली करायची ते ठरवणारी पोरं.”

मेसचं खरं राजकारण खाड्यात असतं. मूल चार दिवस गावी गेलं, तर त्या दिवसांचे पैसे वजा होणार का? खाडा किती दिवस आधी लिहून द्यायचा? सलग किती दिवसांचा धरणार? दिवाळीत मेस बंद असते, त्या महिन्याचं बिल पूर्ण की अर्धं? रजिस्टर ठेकेदाराकडे राहणार की मुलांकडे? ऊस तोडायला गेलेल्या आईबापाच्या मुलाला या एका नियमात महिन्याकाठी काहीशे रुपयांचा फरक पडतो, आणि त्याच्यासाठी ती रक्कम मोठी असते. ज्या कमिटीत मुलांची माणसं बसतात आणि दर महिन्याला हिशेब भिंतीवर लावायला भाग पाडतात, तिथं ठेकेदाराला मनमानी करणं अवघड होतं. गॅस किती लागला, किराणा कुठून आला, हे विचारणं मुलांच्या अखत्यारीत नाही असं सांगणारे भेटतील. पैसे मुलांचे आहेत, तेव्हा विचारायचं.

“हे मोठ्या शहरातल्या पोरांचं. आपल्या भागातल्या मुलांना जमत नाही.”

इतिहास उलटं सांगतो. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये आपला धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेव्हा औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या मुलांनी प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क सोडायला नकार दिला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातली एक पिढी या वसतिगृहांत तयार झाली.

अलीकडचं उदाहरण तर जिल्ह्यातलंच आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी अशा चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी बंद पुकारला. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मुलांना वसतिगृहाची आणि भोजनगृहाची फी आधी स्वतः भरायला सांगितलं जात होतं, हा वादाचा मुद्दा. विद्यार्थी संघ निवडून आलेला असल्यामुळे वाटाघाटीला बसायला माणसं होती. त्याच वर्षी जुलैत आदिवासी वसतिगृहांतली मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं. प्रश्न दोन्हीकडे ताटाचाच. पण ज्यांच्याकडे बोलणीला बसणारा मान्य प्रतिनिधी नव्हता, त्यांना रस्त्यावर चालत जावं लागलं.

“मुलींच्या वसतिगृहात नियम कडकच हवेत, त्यात विचारायचं काय?”

मुलीला बाहेर पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो, ते मला कळतं. कुलूप लावणं सोपंही असतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१६ मध्ये लागू केलेल्या विनियमांत स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. मुलांना रात्री दहापर्यंत ग्रंथालय आणि मुलींना सातला फाटक बंद, हे त्या विनियमात बसत नाही.

त्याच विनियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर अंतर्गत तक्रार समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही स्तरांवरचा एकेक विद्यार्थी बसतो. या तीन जागा पारदर्शक लोकशाही पद्धतीनं निवडून द्यायच्या असतात, रेक्टरनं नावं सुचवायची नसतात. ईटहून गेलेल्या मुलीनं प्रवेश घेतल्यावर पहिल्याच महिन्यात कार्यालयात जाऊन विचारावं: त्या जागांवर सध्या कोण आहे, आणि मतदान कधी झालं होतं?