दाबाची हवा आणि इंजिनाचं आयुष्य

दौंड जंक्शनच्या आसपास वाढलेल्यांनी टर्बोचा स्वभाव मोटारींच्या जाहिरातींच्या कितीतरी आधी पाहिला आहे. मनमाडच्या मार्गावर विजेच्या तारा यायच्या होत्या, तेव्हा डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिनं मालगाड्या ओढत. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. चालकानं नॉच वाढवला की आधी काळ्या धुराचा लोट उठे, मग तो विरत जाई आणि गाडी जोर धरे. डिझेल लगेच वाढायचं, पण ते जाळायला लागणारी जादा हवा टर्बोकडून यायला काही क्षण जात. एक्झॉस्टचा झोत वाढल्याशिवाय टर्बाइन वेग घेत नाही, आणि टर्बाइन फिरल्याशिवाय त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबत नाही. टर्बो लॅग म्हणतात तो हाच.

आज शिरूर तालुक्यात टर्बो अगदी रोजचा झाला आहे. सणसवाडीला जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना आहे. त्यांचा ५५ एचपीचा ५३१० तीनच सिलिंडरचा, पण टर्बोवाला. पुढे रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना. तिथल्या १.३ लिटर मल्टिजेटला गाड्यांचे शौकीन ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत, कारण फियाट, टाटा आणि मारुती या तिघांच्याही गाड्यांत ते होतं. मारुतीनं तर जानेवारी २०१२ मध्ये वर्षाला १ लाखापर्यंत इंजिनं रांजणगावहून घेण्याचा करार केला होता. या इंजिनाची क्षमता १,२४८ सीसी. साध्या टर्बोवर ते ७५ पीएस देई, पाती हलवता येणाऱ्या टर्बोवर ९०. याच कारखान्यात २०१५ साली अबार्थ पुंटो तयार झाली. तिचं १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १४५ बीएचपीचं होतं.

या गाड्या टर्बोसकट कारखान्यातून येतात. हायाबुसासारख्या मूळच्या बिनटर्बोच्या मोटारसायकलला तो लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, पॉवर किती वाढेल? माझ्या मते पहिला प्रश्न उष्णतेचा हवा. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडतं. एप्रिलमधल्या दौंडच्या उन्हात ४० अंशांची हवा अर्धा बार दाबली, तर चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती ९५ अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. आता हायाबुसाचा मूळचा कॉम्प्रेशन रेशो १२.५. म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण आधीच इतकं दाबलं जातं, आणि आपण त्यात तापलेली, दाटलेली हवा कोंबतो. मग प्लगच्या ठिणगीनं पेटलेली ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं. हेच नॉकिंग. मोठ्या थ्रॉटलला ते कानावर येईपर्यंत पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तडकलेल्या असू शकतात. डिझेल इंजिन नुसती हवा दाबतं, इंधन शेवटी फवारतं, त्यामुळे या तऱ्हेचं नॉकिंग त्याला होत नाही. ट्रॅक्टरला टर्बो इतका मानवतो आणि पेट्रोलच्या मोटारसायकलला इतका जपून लावावा लागतो, तो यामुळे.

जपानी कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. होंडानं १९८२ मध्ये सीएक्स५०० टर्बो आणली, तेव्हा साध्या सीएक्स५०० चा १० चा कॉम्प्रेशन रेशो ७.२ वर उतरवला. ताकद मात्र ५० एचपीच्या आसपासहून ८२ वर गेली. कावासाकीच्या जीपीझेड७५० टर्बोचा रेशो ७.८ होता, आणि लॅग कमी व्हावा म्हणून टर्बो एक्झॉस्टच्या तोंडाशी बसवला होता. तरी चारही मोठ्या जपानी कंपन्यांनी काही वर्षांत हा नाद सोडला. गाड्या जड झाल्या, महाग झाल्या, आणि वळणावर मध्येच येणारा पॉवरचा धक्का चालवणाऱ्याला परवडेना. कावासाकीनं निन्जा एच२ काढली तेव्हा टर्बोऐवजी क्रँकवर चालणारा सुपरचार्जर घेतला, रेशो ८.५ ठेवला. दाबाच्या हवेसाठी कंपन्या आधी जागा करून देतात. गॅरेजमधल्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते. खरं तर कमी रेशोचे घडीव पिस्टन, भक्कम कनेक्टिंग रॉड, जाड हेड स्टड, मोठे इंजेक्टर आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढेल तसा इग्निशन मागे घेणारा ईसीयू, हा खर्च टर्बोच्या आधी यायला हवा.

दुसरी गोष्ट ऑईलची. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. मोटारसायकलमध्ये टर्बो बऱ्याचदा संपच्या पातळीखाली बसतो, तेल आपोआप परत वाहत नाही. ते उपसायला वेगळा स्कॅव्हेंज पंप लागतो. तो नसला की तेल सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरतं, निळा धूर येतो आणि रिंगा गेल्या समजून चांगलं इंजिन खोललं जातं. शिवाय इथे इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला क्लच तिघांना एकच तेल. क्लचप्लेटची झीज टर्बोच्या बेअरिंगपर्यंत जाते. म्हणून तेल लवकर बदलायचं, आणि तेही जॅसो एमए प्रतीचंच. कारचं घसरट तेल टाकलं तर वाढलेल्या टॉर्कखाली क्लच सुटतो.

जुना टर्बो घेताना दांडा बोटांत धरून हलवून पाहावा. आजूबाजूला किंचित ढिलाई असतेच, पुढे-मागे मात्र जवळजवळ नसावी. मग कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडांवरून हलकेच बोट फिरवावं. कडा खरबरीत लागल्या तर फिल्टरच्या मागचा पाइप कुठेतरी ढिला होता आणि धूळ आत जात होती. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर किती धूळ असते, हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरवाले जोराचं काम झाल्यावर इंजिन लगेच बंद करत नाहीत, जरा आयडलला चालू ठेवतात. मोटारसायकललाही तोच नियम. नाहीतर तापल्या टर्बोत अडकलेलं तेल जळून कोळसा होतं.

इंधनाच्या बाबतीत हा प्रदेश नशीबवान आहे. पाटसचा भीमा साखर कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा, हा सगळा उसाचा मुलूख. उसापासूनच्या इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. सिलिंडरमध्ये जाणारी हवा आतूनच थंड होते. परदेशातले ट्यूनर ८५ टक्के इथेनॉल आवडीनं वापरतात ते यासाठी. मात्र पेट्रोलच्या १ भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. म्हणजे त्याच हवेला इंधन खूप जास्त हवं. जुन्या इंजेक्टरवर हा प्रयोग केला तर मिश्रण पातळ पडतं आणि पिस्टनच वितळतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. हा नियम मला योग्य वाटतो. नगर रोडवरच्या गर्दीत अशा गाडीचं काही काम नाही. ती ट्रेलरवर घालून अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यतीला न्यावी. तिथे फेरी संपल्यावर प्लग काढून बघायला सवड मिळते. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीच्या चुऱ्यासारखे काळे ठिपके दिसले, तर नॉकिंग सुरू झालं आहे. त्यांत ॲल्युमिनियमची चमक असेल, तर पिस्टन झिजू लागला आहे. त्या दिवशी बूस्ट कमी करायचा आणि पुढची फेरी सोडायची.