पॅसिफिक बेटांवरील भारतीय जवान : शासकीय छायाचित्रे आणि हरवलेली नावे

दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक बेटे म्हटली की अमेरिकन नौसैनिक आणि जपानी विमाने डोळ्यांपुढे येतात. त्या बेटांवर हजारो भारतीय जवानही होते, याची आपल्याकडे फारशी जाणीव नाही. त्यांची छायाचित्रे मात्र जपली गेली आहेत. कॅनबेरा येथील ‘ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल’ या शासकीय संस्थेच्या संग्रहात ती असून संस्थेच्या संकेतस्थळावर वाशिमला किंवा रिसोडला बसूनही पाहता येतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या ‘पलटणी’ची आठवण सांगितली जाते, त्यांच्यासाठी ही थोडी माहिती.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार भारतीय सैनिक जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांतील अनेक जण आझाद हिंद सेनेत गेले. ज्यांनी नकार दिला त्यांपैकी हजारोंना जहाजांत कोंबून न्यू गिनी व न्यू ब्रिटन या बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. धावपट्ट्या बांधणे, ओझी वाहणे, भुयारे खोदणे हे त्यांचे काम. उपासमार, मलेरिया, मारहाण आणि दोस्तांचेच बॉम्बहल्ले यांत असंख्य जण गेले. हिमाचलमधील चिंत सिंग यांचा गट सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याच्या हाती लागला, तेव्हा त्यात अवघे ११ जण उरले होते. पुढे दोनच महिन्यांत, मायदेशी परतण्याच्या वाटेवर, त्यांतील १० जण विमान अपघातात मरण पावले. साक्षीसाठी मागे ठेवलेले चिंत सिंग तेवढे वाचले.

सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन तुकड्या न्यू ब्रिटनवरील रबाउल येथे उतरल्या. त्यांच्याबरोबर सैन्याचे अधिकृत छायाचित्रकारही होते. म्हणूनच या संग्रहात बंदिवासाची वर्षे दिसत नाहीत, सुटकेनंतरचे दिवस दिसतात. चित्रातील जवान फेटा बांधून ताठ उभा असेल, हसतही असेल. त्यावरून त्याची मागील दोन वर्षे बरी गेली असावीत असा समज करून घेऊ नये. छायाचित्र शासनाने शासनाच्या कामासाठी काढलेले असते, कधी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतील पुरावा म्हणून, कधी वृत्तपत्रांसाठी.

चित्राखालच्या मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. ठिकाण, दिनांक आणि संग्रह क्रमांक तेथे मिळतात. ऑस्ट्रेलियन शिपाई असेल तर बहुधा त्याचे नाव व सैनिकी क्रमांकही दिलेला असतो. भारतीयांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा ‘भारतीय युद्धकैदी’ एवढ्यावरच काम भागवले आहे. छायाचित्रकाराला भाषा येत नसेल, वेळ नसेल, हे आम्ही समजू शकतो. तरीही एवढे सोसलेल्या माणसाचे नाव विचारायचे राहून गेले, ही गोष्ट मनाला लागते.

याच संग्रहातील नागरी जीवनाची चित्रे कॅथलिक वाचकांना जवळची वाटतील. रबाउलजवळच्या रामाले खोऱ्यात बिशप लिओ शार्माख, धर्मगुरू व धर्मभगिनी जपान्यांच्या नजरकैदेत होते. तेथून त्यांची सुटका झाली त्या वेळची छायाचित्रे आहेत. धर्मगुरू बंदिवासात असताना राकुनाई गावची श्रद्धावंत मंडळी सांभाळली ती पीटर टो रॉट या विवाहित धर्मशिक्षकाने. जुलै १९४५ मध्ये, सुटकेच्या केवळ दोन महिने आधी, जपान्यांनी त्यांना ठार केले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत घोषित केले.

युद्धानंतर जपानच्या बेटांवर गेलेल्या राष्ट्रकुल सैन्यात ‘१/५ मराठा लाइट इन्फंट्री’ ही आपली पलटण होती. तिच्या ब्रिगेडचे प्रमुख के. एस. थिमय्या पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परतल्या.

आता घरच्या पेटीविषयी. सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा, त्याची फीत गर्द हिरवी, मधोमध पिवळा पट्टा व कडा तांबड्या असतील, तर तो ‘पॅसिफिक स्टार’ होय. मलाया-सिंगापूरच्या लढाईत असलेल्यांनाही तो मिळाला. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशांची नावे ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’च्या यादीत शोधता येतात; तेथे अनेकदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला असतो. मात्र ‘वाशिम जिल्हा’ असे शोधून काही हाती लागणार नाही. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. युद्धकाळी हा भाग वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात होता आणि इंग्रजी दप्तरात वाशिमला ‘बासिम’ म्हणत. तेव्हा जिल्हा ‘अकोला’ आणि गाव ‘बासिम’ असे दोन्ही घालून पाहावे, गावाच्या नावाचे स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. न्यू गिनीतील लाए येथील युद्धस्मशानभूमीत ज्यांची ओळख पटली नाही अशा कबरींमध्ये बहुसंख्य भारतीय सेनेच्या जवानांच्याच आहेत. एखाद्या छायाचित्रातील चेहरा घरच्या फोटोशी जुळला, तर संग्रह क्रमांकासह त्या संस्थेला अवश्य लिहावे. वयोवृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांना ही चित्रे दाखवून घ्यावीत.