कॅशेसाठी जँगो बदलायचं का?

समजा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका महाविद्यालयाची वेबसाइट ‘जँगो’च्या ३.२ आवृत्तीवर चालते. निकालाच्या दिवशी मुलं एकदम तुटून पडतात आणि साइट बसते. प्रोग्रॅमर म्हणतो, ‘सर, जँगो ४ मध्ये रेडिस कॅशे आयता मिळतो, अपग्रेड करू या.’ प्राचार्य खर्च विचारतात. प्रश्न रास्तच आहे, पण त्याआधी साइट कशामुळे बसते ते बघायला हवं.

जँगो हे पायथॉन भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. नाव दिलंय जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं; तानसेनाच्या गावाला एवढं तरी आवडावं.

कॅशे म्हणजे एकदा शोधलेलं उत्तर हाताशी ठेवणं. दरवेळी डेटाबेसला न विचारता तयार पान मेमरीतून दिलं की काम झटपट होतं. ही सोय जुन्या जँगोतही आहे. मात्र सेटिंगला हात लावला नाही, तर प्रत्येक प्रोसेस आपापल्या मेमरीत साठा करते. एकीकडची नोंद दुसरीला ठाऊक नसते. सगळ्यांचा मिळून मेमरीतला एकच साठा हवा असेल, तर मेमकॅश्ड किंवा रेडिससारखा वेगळा साठवण-सर्व्हर लागतो. मेमकॅश्ड जुन्या जँगोलाही चालतो. रेडिस जँगोच्या पोटात आला तो डिसेंबर २०२१ मध्ये, ४.० आवृत्तीत.

पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ‘जँगो-रेडिस’ हे वेगळं पॅकेज बसवून तेच काम करत होते. त्यात नोंदी आकुंचित करून ठेवण्यासारख्या काही सोयी तर जँगोच्या स्वतःच्या कॅशेतही नाहीत. तेव्हा केवळ रेडिससाठी अपग्रेड, हे कारण टिकत नाही.

शिवाय कॅशे कमावतो तो एकच उत्तर अनेकांना हवं असतं तेव्हा. मुखपृष्ठ, सूचना, वेळापत्रक ही पानं सगळ्यांना सारखीच. निकाल मात्र ज्याचा त्याचा. एकाची गुणपत्रिका साठवून दुसऱ्याला उपयोग शून्य. उलट नोंदीच्या नावात परीक्षा क्रमांक घालायचा राहिला, तर ती भलत्याच्याच पडद्यावर उमटेल! खरं दुखणं बहुधा डेटाबेसमध्ये असतं. परीक्षा क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसेल, तर एका मुलाचा निकाल काढायला अख्खं टेबल चाळलं जातं. इंडेक्स टाकणं हे एका ओळीचं काम आहे.

मुदतीचंही भान हवं. काही सांगितलं नाही, तर जँगो नोंद ३०० सेकंद ठेवतं. मुदत ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, दिली तर ती कधीच संपत नाही, शून्य दिली तर नोंद साठवलीच जात नाही. इथल्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. शून्य आणि ‘काहीच नाही’ यांतला फरक ग्वाल्हेरकरांना वेगळा सांगायला नको.

अपग्रेडचा खर्च कुठे लागतो? हिंदी-इंग्रजी साइटवर भाषांतरासाठी वापरलं जाणारं जुनं ‘युगेटटेक्स्ट’ ४.० मध्ये काढून टाकलं. ते वापरणारी साइट सुरूच होत नाही, त्यामुळे ही चूक निदान लगेच कळते. छळते ती दुसरी. ४.० पासून फॉर्म कुठून आला हे ‘ओरिजिन’ हेडरवरूनही तपासलं जातं. पुढे प्रॉक्सी सर्व्हर असेल आणि सेटिंग चुकलं असेल, तर पानं छान दिसतात, पण लॉगिन केलं की ‘४०३’, म्हणजे परवानगी नाही.

एवढं असूनही अपग्रेड करावंच, आणि त्याचं कारण कॅशे नाही. ३.२ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं एप्रिल २०२४ मध्ये थांबलं. ४.२ ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतचीच, म्हणून तिथे मुक्काम न करता ५.२ गाठावी, तिला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे, पायथॉन मात्र किमान ३.१० हवा. रेडिसची सोय तिच्यात येतेच. ती वापरायची की नाही, हे इंडेक्स टाकून वेळ मोजल्यावर ठरवा.