आधी पोटोबा, मग कोशिएन!

दोस्तांनो, वानखेडेवर मॅच बघायला निघालात, तर चर्चगेटला उतरल्यावर तुमचे पाय आधी कुठे वळतात? खरं सांगा! वडापावच्या गाडीकडेच ना? मॅच सुरू व्हायला अजून तास असतो, पोटात कावळे ओरडत असतात आणि आत गेल्यावर जागा सोडायची तर मुळीच इच्छा नसते. म्हणून आधी पोटोबा!

जगात कुठेही जा, मैदान आणि खाऊ यांची अशी गट्टी असतेच. आज आपण जाऊ या जपानमधल्या एका मैदानावर. तिथे क्रिकेट नाही, बेसबॉल चालतो. आणि गंमत म्हणजे तिथले सगळ्यांत गाजणारे सामने मोठमोठे व्यावसायिक खेळाडू खेळत नाहीत. खेळतात तुमच्यासारखी शाळेतली मुलं!

या मैदानाचं नाव कोशिएन. ओसाका आणि कोबे या दोन शहरांच्या मधे निशिनोमिया नावाचं गाव आहे, तिथे ते आहे. बांधलं कोणी? हानशिन नावाच्या रेल्वे कंपनीने! बुजलेल्या नदीच्या पात्रातली जमीन कंपनीकडे होती. तिथे मैदान झालं, की लोक गाडीत बसून येतील, असा सरळ हिशोब. अवघ्या साडेचार महिन्यांत काम उरकलं आणि १ ऑगस्ट १९२४ रोजी मैदान उघडलं. आज तिथे सत्तेचाळीस हजारांहून जास्त माणसं बसतात.

चला तर, निघू या. ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून हानशिनची जलद गाडी पकडली, की साधारण पंधरा मिनिटांत कोशिएन. पण थांबा! गाडीत बसण्याआधीच पहिला थांबा आहे. उमेदाला स्टेशनला लागूनच हानशिनचं मोठं दुकान आहे. त्याच्या तळघरात 'इकायाकी' मिळते. इका म्हणजे माखली. तिचे तुकडे पिठात घालून दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमधे दाबून भाजतात. लोक रांग लावतात, उभ्याउभ्या खातात आणि तोंड पुसत गाडीकडे पळतात. अगदी आपल्या स्टेशनांसारखंच!

कोशिएनला उतरलात, की मैदान समोरच. आसपास दुकानं, टपऱ्या आणि नुसता घमघमाट. तिथे 'ताकोयाकी' दिसेल. आपल्या आईचं अप्पेपात्र आठवा. तसल्याच खळग्याखळग्यांच्या तव्यात पीठ ओततात, प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा एक तुकडा टाकतात आणि टोकदार काडीने गरागरा फिरवून गोल गोळे करतात. एक सूचना : पहिला गोळा एकदम तोंडात टाकू नका. आतलं पीठ मऊ आणि भलतंच गरम असतं, जीभ पोळलीच म्हणून समजा!

दुसरा पदार्थ 'ओकोनोमियाकी'. कोबी घातलेलं जाडजूड धिरडंच म्हणा ना. वर गोडसर काळा सॉस. ओकोनोमी म्हणजे 'तुमच्या आवडीचं'. आत काय घालायचं ते तुम्ही ठरवायचं.

आणि शाकाहारी असाल तर? मग डोळे उघडे ठेवून खावं लागेल. जपानी पिठात आणि रश्शात माशाचं पाणी बऱ्याचदा असतं, वरून दिसत नाही. सोपा उपाय म्हणजे 'ओनिगिरी', भाताची तिकोनी मूद. आत आंबट-खारट उमे फळाचं लोणचं असलेली मागा. दही-भाताबरोबर लोणचं खाणाऱ्याला ती परकी वाटणार नाही. पण विकत घेताना विचारायला लाजू नका.

तहान लागली? मग ही घ्या ओळखीची खूण. जपानमधे 'रामुने' नावाचं गोड सोडापाणी मिळतं. बाटलीच्या तोंडाशी गोटी! गोटी आत ढकलायची, फस्सऽऽ आवाज येतो आणि मग प्यायचं. आपला गोटी सोडाच की हा! दोघांचे आजोबा एकच. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ साली अशा बाटलीचं पेटंट घेतलं. तिथून ती भारतातही आली आणि जपानलाही पोचली. 'रामुने' हा शब्द 'लेमोनेड'चाच जपानी अवतार आहे. मात्र रामुने बाहेरच संपवा. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे मैदानात नेऊ देत नाहीत.

निवांत बसून जेवायचं असेल, तर मैदानाच्या शेजारी लालापोर्ट नावाचं मोठं बाजार-संकुल आहे. तिथे जेवताना एक गोष्ट आठवा. त्या जागी २००३ सालापर्यंत हानशिन पार्क नावाची बाग होती आणि तिथे १९५९ साली 'लेओपॉन' जन्मले होते. बाप बिबट्या, आई सिंहीण! खोटं वाटतं ना? पण अगदी खरं आहे.

आता आत जाऊ. इथला मानाचा पदार्थ कोणता असेल? करी आणि भात! मैदान उघडलं त्या १९२४ सालापासून कोशिएनमधे करी-भात विकला जातो. पांढरा चिकट भात आणि त्यावर दाट, तपकिरी, किंचित गोड रस्सा. ही करी आपल्याकडून थेट गेली नाही बरं. इंग्रजांनी भारतातून मसाला नेला, त्याची पूड केली आणि ती पूड एकोणिसाव्या शतकात जपानला पोचली. पुढे १९२७ साली तोकियोच्या नाकामुराया या दुकानात अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. ती कोणी शिकवली, माहीत आहे? आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी! १९१५ साली ते इंग्रजांना चुकवून जपानला गेले होते. नाकामुरायाच्या मालकांनी त्यांना लपवलं आणि पुढे आपली मुलगी दिली.

करीवर कुरकुरीत तळलेला मांसाचा तुकडा ठेवला, की ती झाली 'कात्सु करी'. परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आदल्या दिवशी जपानी मुलं कात्सु मुद्दाम खातात. कारण 'कात्सु' या उच्चाराचा दुसरा अर्थ आहे 'जिंकणं'. आपण नाही का परीक्षेला जाताना हातावर दही घेत? तसंच!

ऑगस्टमधल्या उन्हात मात्र एकच गोष्ट आठवते : 'काचिवारी'. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोडलेला बर्फ आणि एक नळी. बस्स, एवढंच! सरबत नाही, रंग नाही. आधी ती पिशवी मानेवर, कपाळावर ठेवायची. बर्फ वितळला, की नळीने ते गार पाणी प्यायचं. १९५७ सालापासून ही पिशवी कोशिएनचा उन्हाळा थंड करते आहे. पाठीवर पिंप घेऊन पायऱ्या चढणारे बिअरवालेही दिसतील. पण ते तुमच्यासाठी नाही. जपानमधे त्यासाठी वीस वर्षं पूर्ण असावी लागतात. तुम्ही आपलं जवाचं गार पाणी, 'मुगिचा' प्या. ऊन खरोखरच कडक असतं. म्हणून २०२४ पासून स्पर्धेच्या सुरुवातीच्या काही दिवसांत भर दुपारी सामने न घेता सकाळी आणि संध्याकाळी घेतात.

आता खाणं बाजूला ठेवा आणि समोर बघा. देशभरातल्या तीन हजारांहून जास्त संघांमधून इथवर साधारण एकोणपन्नास शाळा पोचतात. एक सामना हरला, की थेट घरी. दुसरी संधी नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तर तो शाळेतला शेवटचा सामना. म्हणून हरलेली मुलं रडत रडत मैदानातली काळी माती पिशवीत भरून नेतात. कोशिएनची आठवण म्हणून.

१९५८ साली ओकिनावा बेटावरच्या शुरी शाळेचा संघ इथे आला. तेव्हा ओकिनावावर अमेरिकेचं राज्य होतं. जपानला यायलाही पासपोर्ट लागायचा. पहिल्याच सामन्यात मुलं ३-० अशी हरली. त्यांनीही माती भरून घेतली. पण बोट परत नाहा बंदराला लागली तेव्हा नियम आडवा आला. बाहेरच्या देशाची माती आणायला बंदी! अधिकाऱ्यांनी ती माती समुद्रात टाकायला लावली. ही बातमी वाचून जपानी विमान कंपनीतल्या हवाई सुंदरींना फार वाईट वाटलं. त्यांनी शक्कल लढवली. मातीला बंदी आहे ना? दगडांना तर नाही! त्यांनी कोशिएनचे खडे शुरीच्या मुलांकडे पाठवले. शाळेच्या आवारात उभारलेल्या स्मारकात ते खडे बसवलेले आहेत. ओकिनावा १९७२ साली जपानला परत मिळालं. २०१० साली ओकिनावाच्याच कोनान शाळेने उन्हाळी स्पर्धा जिंकली. त्या दिवशी त्या बेटावर काय आनंद झाला असेल, विचार करा!

म्हणून दोस्तांनो, कधी कोशिएनला गेलात तर सामन्याच्या तासभर आधी पोचा. बाहेर ताकोयाकी खा, रामुने फोडा, आत करी घ्या. पण शेवटच्या डावाआधी ताटली रिकामी करून टाका. कारण तेव्हा टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे हवेत. जिंकणाऱ्यांसाठी आणि माती भरून नेणाऱ्यांसाठीही! आणि हो, उठताना आपला कचरा आपल्या पिशवीत भरायला विसरू नका. तिथली तुमच्या वयाची मुलं तेच करतात.